ओठाखालची रेघ

"लोहाच्या थेंबांनी दात काळवंडलेत, तेवढे साफ करून द्या," असं म्हणत एक आई माझ्या दातांच्या दवाखान्यात आली. मूल १७ महिन्यांचं. लोहाचे डाग मला चांगले ओळखू येतात. ते पुढच्या-मागच्या, वरच्या-खालच्या कुठल्याही दातावर बसतात आणि पॉलिश केलं की निघतात. इथे खालचे चारही दात लख्ख होते आणि तक्रार फक्त वरच्यांची होती. तिथेच शंका आली.

आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मुलाचे पाय तिच्या कमरेभोवती, डोकं माझ्या मांडीत. मूल रडलं तर बरंच, तोंड आपोआप उघडतं. ओठ वर केला आणि गॉजने दात कोरडे पुसले. ही पुसापुशी बरेच जण घाईत गाळतात आणि सुरुवातीची कीड नजरेतून सुटते. दातातलं कॅल्शियम निघून गेलं की बारीक पोकळ्या राहतात. दात ओला असताना त्या लाळेने भरलेल्या असतात, म्हणून डाग दिसत नाही. कोरडा केल्यावर वरच्या चारही दातांवर हिरडीला चिकटून खडूसारखी पांढरी रेघ उमटली. उजवीकडच्या दुसऱ्या दातावर मात्र ती तपकिरी होती, आणि मऊ.

खालचे दात वाचले होते, कारण दूध ओढताना जीभ त्यांच्यावर असते आणि लाळेच्या मोठ्या नळ्या तिथेच जिभेखाली उघडतात. वरच्या दातांना तो आडोसा नाही. त्यातून झोपेत लाळ कमी होते. रात्री दोनदा बाटली, त्यात आजीने घातलेली चमचाभर खडीसाखर. एवढ्याने कारण मिळालं असं वाटलं.

पण आई म्हणाली, "मी रोज दोनदा ब्रश करते हो." तिच्या हातात ब्रश देऊन म्हटलं, करून दाखव. तिने मुलाला समोर बसवून दातांच्या कडांवर ब्रश आडवा फिरवला. वरचा ओठ खालीच, त्यामुळे हिरडीलगतच्या भागाला ब्रश लागलाच नाही. एकदा चुकून वर गेला तेव्हा ओठाला हिरडीशी बांधणाऱ्या मधल्या शिरेवर आदळला. मूल किंचाळलं आणि तिने हात काढून घेतला. घरीही रोज हेच होत असणार.

त्या शिरेसाठी एक साधी युक्ती आहे. टाळू भरताना घेतात तसं मुलाचं डोकं मांडीत घ्यायचं आणि आपण डोक्याच्या बाजूला बसायचं. डाव्या हाताची तर्जनी ओठाच्या आत आडवी सरकवायची. ओठ उचलला जातो आणि शीर बोटाखाली झाकली जाते. लहान डोक्याचा, मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून एकेका दातावर जागच्या जागी हलकेच हलवायचा. आठ दातांना मिनिटभर पुरतं. आजीला हे आईपेक्षा लवकर जमलं.

पेस्ट 'लहान मुलांची' होती, म्हणजे फ्लोराईडशिवायची. फ्लोराईडचा आकडा नळीच्या दुमडीवर इतका बारीक छापतात की आईने तो वाचायचा तरी कसा? १००० पीपीएमची, म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण ०.१ ग्रॅम, पुसट फासायची. तेवढ्यात फ्लोराईड ०.१ मिलिग्रॅम असतं, गिळलं तरी चालतं. पिण्याचं पाणी कुठलं, हे मात्र मी विचारतेच. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. यांच्याकडे नळाचं पाणी होतं.

दात पुसून ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं व्हार्निश, म्हणजे दाताला चिकटून राहणारा लेप लावला, पातळ थर. त्या रात्री ब्रश नाही, कडक खाणं नाही. बाटलीतली साखर त्याच दिवसापासून बंद. रात्रीच्या बाटलीतलं दूध दोन आठवड्यांत पाणी वाढवत वाढवत साध्या पाण्यावर आणायचं.

तपकिरी दातावर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड लावू म्हटलं. त्याने कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते. आई नाही म्हणाली. त्यांच्या डॉक्टरांनी "दुधाचे दात, पडणारच आहेत" असं आधीच सांगून ठेवलेलं. हा दात पडतो सात-आठ वर्षांचं झाल्यावर! मीही फार आग्रह धरला नाही.

तीन महिन्यांनी तीन दातांवरच्या रेघा गुळगुळीत, चकचकीत झाल्या होत्या, म्हणजे कीड थांबलेली. चौथ्याचा कोपरा तुटला होता.

त्या दिवशी जुना कागद चाळला. हे मूल नऊ महिन्यांचं असताना माझ्याकडेच येऊन गेलं होतं, खालचे दोन दात घेऊन. माझ्याच अक्षरात शेरा होता, "ब्रशिंग सांगितले." कसं करायचं ते दाखवल्याची नोंद नव्हती. तेव्हा वरचे दात यायचे होते, ओठ उचलण्याचा प्रश्नच आला नसेल, असं म्हणता येईल. मला ते पटत नाही.

आता काळा डाग चालेल, असं आई स्वतःहून म्हणते आहे. ते औषध लावता येईल, पण गेलेला कोपरा त्याने परत येणार नाही.