तुम्ही विचारलंत म्हणून: गावात माणसंच नाहीत, मग विचारता कोणाला?

लग्नात, ट्रेनमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सुद्धा, मी नगररचनेचं काम करते आणि ते पण सिंधुदुर्गातल्या छोट्या गावांचं, असं कळलं की हा प्रश्न हमखास येतोच. "अहो पण तिकडे माणसंच कुठे उरलीयत? लोकसहभाग, लोकसहभाग करता, पण विचारता नक्की कोणाला?" आणि मग विचारणारे स्वतःच हसतात. आधी मी पण हसायचे. आता उत्तर देते, पण ते लांब आहे आणि पंगतीत पुरं होत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

खरं उत्तर असं की पहिल्या वेळी मी चुकीच्या माणसांना विचारलं, आणि तेही चुकीच्या महिन्यात.

आधी आकडे, पटकन. २००१ ला सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१. शेजारच्या रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. म्हणजे दहा वर्षांत दोन्ही जिल्हे मिळून लाखभर माणूस कमी. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण सरळ आहे, पुरुष मुंबईला. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आम्ही आजही २०११ च्याच आकड्यांवर २०४० च्या पुढचे नकाशे रंगवतोय.

आता गंमत बघा. विकास आराखडा, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो वीस वर्षांचा असतो आणि त्याची सुरुवात पुढे लोकसंख्या किती होईल या अंदाजापासून होते. त्यावरून शाळा किती, बागा किती, रस्ते किती रुंद, आरक्षणं (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा) किती. गणिताच्या पद्धती ठरलेल्या आहेत, अरिथमेटिक, जिऑमेट्रिक वगैरे, आणि गणिताला उणे चिन्हाचं काही वावडं नाही, वावडं माणसांना आहे. मी एका आराखड्यात प्रामाणिकपणे उतरता आलेख काढून नेला तर समोरचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, कमी होतायत असं लिहिलंत तर निधी कशाच्या जोरावर मागायचा?" त्यांचं चुकलं असं पण म्हणता येत नाही. पण मग आम्ही वीस वर्षांनंतरच्या ज्या गर्दीसाठी खेळाचं मैदान राखून ठेवतो ती गर्दी दिवा-नालासोपाऱ्यात खोली घेऊन बसलेली असते.

अमेरिकेत ओहायोमध्ये यंग्सटाऊन म्हणून शहर आहे, पोलादाचं. १९३० ला १,७०,००२ माणसं होती. १९ सप्टेंबर १९७७ ला, सोमवारी, तिथल्या मोठ्या पोलाद कंपनीने कारखाना बंद करतोय असं जाहीर केलं, हजारो लोक एका फटक्यात घरी, आणि २००० सालापर्यंत शहर ८२,०२६ वर आलं. त्यांनी २००५ ला जो आराखडा केला त्यातलं पहिलंच तत्त्व असं की आपण आता लहान शहर आहोत हे मान्य करू. हे कुणा तज्ज्ञाने बंद खोलीत बसून नाही लिहिलं, आधी एका ऑडिटोरियममध्ये हजाराहून जास्त लोक जमले होते, आणि वस्ती-वस्तीत बैठका झाल्या होत्या. त्याने शहर वाढलं का? नाही, २०२० ला ६०,०६८. पण निदान नसलेल्या माणसांसाठी रस्ते रुंद करायचं खूळ तरी डोक्यातून गेलं. मला त्यातलं ते जाहीरपणे कबूल करणं आवडलं. आपल्याकडे ते बोलायला लागलं की लोक "अशुभ बोलू नका" म्हणतात.

तर माझी चूक. खाडीकाठचं एक गाव, नाव नको, आधी ग्रामपंचायत होती, नंतर नगरपंचायत झाली. (तालुक्याच्या गावांना नगरपंचायत करायची लाट आली ना २०१५ च्या आसपास, कुडाळ, देवगड, वैभववाडी वगैरे, त्यातलाच प्रकार.) यात एक गोष्ट हातून गेली ती कुणाच्या लक्षातच आली नाही, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीत कुणीही उठून सरपंचाला चार शब्द सुनावू शकायचं, नगरपंचायतीत तुमचा नगरसेवक, संपलं. वॉर्ड समिती तीन लाखांवरच्या शहरांनाच सक्तीची. क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांची सभा, कायद्याच्या पुस्तकात आहे, मी भरलेली अजून पाहिलेली नाही. मग लोकांशी बोलायचं तर सभा आपणच बोलवायची. मी हुशारी केली आणि म्हटलं गणपतीत घेऊ, सगळे असतात.

होतेच सगळे. गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नाही, मुंबई मंडळाचे (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची संघटना) अध्यक्ष, सेक्रेटरी, टीशर्ट घातलेली पोरं, माईक, लॅपटॉप. काय मागण्या! स्वागत कमान, हायमास्ट, ओपन जिम, खाडीवर सेल्फी पॉइंट आणि पार्किंग, पार्किंग, पार्किंग. मी भराभर लिहून घेतलं, फोटो काढले, खूष झाले, लोकसहभाग म्हणजे हाच की. माईक मागे बायकांकडे गेलाच नाही. शेवटी सगळे पांगताना एक काकी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्या सगळा बरा आसा गो बाय, पण माका सातची यष्टी व्हयी."

ते मी वहीत लिहिलं पण नाही. महिन्याभराने नकाशावर पार्किंगचा प्लॉट रंगवत होते तेव्हा आठवलं, कारण सहज मोजून बघितलं तर ते पार्किंग वर्षातले अकरा दिवस भरणार होतं, फार तर मे धरून पंचवीस.

चाकरमान्यांवर, म्हणजे या मुंबईकरांवर, राग नाहीये माझा, आमच्या घरातलेच आहेत निम्मे. देवळाचं छप्पर त्यांनी घातलंय, शाळेला कॉम्प्युटर त्यांनी दिलेत, आणि गावाच्या नावाने डोळ्यात पाणी येतं ते खोटं नसतं. पण त्यांना जे गाव दिसतं ते अकरा दिवसांचं, आरत्यांचं, सगळ्या घरात दिवे असलेलं. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं गाव वेगळं आहे आणि त्यात राहतं कोण, तर म्हातारी माणसं, सुना, बागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं, कर्नाटकातून आलेले गवंडी. नेपाळ्यांची पोरं तर गावच्या शाळेत आहेत, पटसंख्या त्यांच्यामुळे टिकलीय, पण सभेला त्यांना कोणी बोलवत नाही, मी पण नव्हतं बोलवलं.

म्हणून पुढच्या वर्षी जुलैत सभा घेतली. अकरा माणसं आली. मी वैतागले, मग कुणीतरी समजावलं की अहो मॅडम, भाताची लावणी चाललीय, अकरा आली तेच नवल. बरं. पण त्या अकरा जणांत काकी होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी बोलावलं.

काकींकडे बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नऊ घरांच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला चिंधी बांधलेली, कुणाची नऊवारीच्या काठाची, कुणाची शाळेच्या युनिफॉर्मची, कारण काकींना लेबल वाचता येत नाही पण कोणाचं कापड ते आठवतं. ऊन पडलं की त्या एकेक घर उघडतात, खिडक्या मोकळ्या करतात, वाळवी बघतात, देवाला दिवा लावतात, परत कुलूप. काही घरांकडून दिवाळीला साडी येते, काहींकडून फोन पण नाही. त्यांनी किल्ल्या ओटीवर पसरल्या आणि दोन ढीग केले, "ही उघडतली, ही काय उघडूची नाय." ज्या घराची माणसं सभेत सर्वात मोठ्याने बोलली होती त्याची किल्ली दुसऱ्या ढिगात गेली.

आम्ही सहा महिने ड्रोन, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) करून जे काढलं त्यात ते घर "निवासी" होतं, पिवळ्या रंगात. काकींच्या डब्याने नकाशा बदलला. मग अशा किल्लीवाल्या आणखी बायका शोधल्या, प्रत्येक वाडीत एखादी असतेच, आणि त्यांच्यासोबत बसून कुलपांचा एक वेगळा नकाशा केला. गणपतीला उघडणारी, मे महिन्यात उघडणारी, कधीच न उघडणारी, आणि भिंत कलली म्हणून रस्त्याने जाणाऱ्याला धोका असलेली. सगळ्यात जास्त बोलणं त्या शेवटच्या घरांवर झालं. पावसात मातीची भिंत कधी येईल सांगता येत नाही, गवत वाढलं की साप, आणि पाडायचं म्हटलं तर उताऱ्यावर आजोबांच्या पश्चात तीस-चाळीस वारस, त्यातले काही हयात नाहीत, काही बोलत नाहीत, एकाची सही राहिली की सगळं अडलं. इथे मात्र मुंबई मंडळ कामाला आलं. सेल्फी पॉइंट बाजूला ठेवून त्यांना सांगितलं की आम्हाला सह्या आणून द्या, डोंबिवली-विरार तुम्हालाच माहिती. तीन घरांच्या आणल्या. दोन वर्षांत तीन. हसू नका, त्याआधी शून्य होत्या.

आराखड्यात शेवटी काय झालं असं विचाराल तर लोकसंख्येचा आलेख चढताच गेला, ते मला नाही जमलं. पण पार्किंगची जागा बरीच कमी झाली, बागेसाठी एका म्हातारीच्या परसावर टाकलेलं आरक्षण निघालं आणि दवाखान्याकडे जायची पायवाट, जी कोणत्याच जुन्या नकाशात नव्हती कारण गाडीवाले तिच्यावरून जात नाहीत, ती नकाशात आली. स्वागत कमान झाली. ती होतेच.

काकींकडे मेमध्ये गेले होते, डब्यात आता अकरा किल्ल्या आहेत. त्यांच्यानंतर डबा कोणाकडे हे मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही, चहा आणला.

यंदाची सभा नारळी पौर्णिमेनंतर आणि गणपतीच्या आधी, म्हणजे लावणी उरकलेली असते आणि मुंबईकर अजून आलेले नसतात. माईक नाही, शाळेच्या व्हरांड्यात, नेपाळी आयांना मास्तरांतर्फे निरोप गेलाय. वेळ दुपारी तीनची ठेवलीय, कारण सातची यष्टी अजून चालू झालेली नाही आणि खालच्या वाडीच्या बायकांची पाचची चुकायला नको.