मादी पाण्यात परत का जाते

"तुमच्याकडे एवढे मोठे खेकडे, पण लाख (आतली केशरी गाभोळी) भरलेली मादी एकदाही का आणत नाहीस?" इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, मराठी घरांत हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच. पाठोपाठ दुसरा येतो: "पूर्वी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला मिळायचे ना खेकडे? आता जानेवारी उजाडतो, असं का?" मी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहते आणि हंगाम सुरू झाला की हाफ मून बेच्या पिलर पॉइंट बंदरात जाऊन होडीवरूनच खेकडे घेते. तिथे बराच वेळ रेंगाळते, विचारत बसते. त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणार असं सगळ्यांनी धरलंय. पण रस्सा वाढता वाढता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी मादीचं. मी मालवणच्या बाजूची. आमच्याकडे बाजारात कुर्ली घेताना आई ती उलटी करून पोटावरची झडप बघायची. झडप अरुंद, टोकदार असली तर नर. रुंद, गोलसर असली तर मादी. मग कवचाच्या कडेला अंगठ्याने दाबून आत किती भरलंय ते पाहायची. अमावास्येच्या आसपासच्या कुर्ल्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि केशरी लाख भरलेली मादी मिळाली तर त्या दिवशी बाजार फळला म्हणायचा. आई अजून फोनवर विचारते, "काय गो, तुमच्याथंय भरलेली कुर्ली गावना नाय?"

नाही मिळत. कारण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिळणारा खेकडा, डंजनेस त्याचं नाव, धंद्यासाठी पकडायचा तर फक्त नर घ्यायचा असा कायदा आहे. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या वरच्या दोन राज्यांतही तसाच. पिंजऱ्यात मादी आली तर ती पाण्यात परत जाते. दुसरी अट मापाची: पाठीची रुंदी कमीत कमी सव्वासहा इंच हवी. तिसरी हंगामाची: मध्य कॅलिफोर्नियात परंपरेने १५ नोव्हेंबर ते ३० जून, त्याच्या उत्तरेला १ डिसेंबर ते १५ जुलै. लिंग, माप, हंगाम. यातल्या मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि सगळी इमारत अजून त्यांच्यावरच उभी आहे.

आता यातली खुबी बघा. किती टन खेकडे पकडायचे याचा वरचा आकडा कुठेच नाही. समुद्रात खेकडे किती आहेत हे मोजण्याचा अट्टहास या कायद्याने केलेलाच नाही. त्याने खेकड्याचा संसार कसा चालतो तेवढं पाहिलं. मादी कात टाकते, तिचं कवच मऊ असतं, त्याच वेळी नर तिच्याशी जुगतो. एक नर अनेक माद्यांशी जुगू शकतो. मादी त्याचं बीज अंगात साठवून ठेवते आणि शरदात अंडी बाहेर काढून पोटाखालच्या झडपेत धरून हिंडते. मोठ्या मादीजवळ २० ते २५ लाखांपर्यंत अंडी असतात. नर सव्वासहा इंचांचा होईतो साधारण चार वर्षांचा झालेला असतो, म्हणजे पकडला जाण्याआधी निदान एकदा तरी त्याचं वीण घालून झालेलं असतं. त्यामुळे त्या मापाचे बहुतेक सगळे नर एका हंगामात पकडले गेले तरी पुढच्या पिढीची बेगमी झालेली असते. पकड कधी खूप, कधी अगदी थोडी. त्यात समुद्राचा वाटा मोठा. पण धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मोजता न येणाऱ्या गोष्टीची राखण करायची तर अशी करावी, असं मला मनापासून वाटतं.

होडीवर हे माप घ्यायला एक साधी धातूची खाच असते. खेकडा त्यात शिरला नाही तर मोठा, सहज शिरला तर लहान. लहान आणि मादी लगेच पाण्यात. मालात शेकडा एकापर्यंत चूक कायदा पोटात घालतो, त्यातही पावणेसहा इंचांच्या खालचा खेकडा चालत नाही.

पण मला सगळ्यांत आवडतो तो पिंजऱ्याबद्दलचा नियम. गोल लोखंडी चौकट, तिच्यावर तारेची जाळी, आत आमिष म्हणून बऱ्याचदा माकूल. प्रत्येक पिंजऱ्याला सव्वाचार इंच व्यासाच्या दोन कड्या बसवाव्याच लागतात, ज्यातून लहान खेकडे स्वतःच बाहेर पडतात. म्हणजे बरीचशी निवड समुद्राच्या तळाशीच होऊन जाते, वर ओढून, डेंगे तुटून, मग फेकून देण्याची पाळी येत नाही. आणि झाकणाच्या बांधणीत एक दोरा साध्या सुताचा असावा लागतो. नायलॉन नाही, सूत. वादळात वर तरंगणारा खुणेचा बोया तुटला, पिंजरा हरवला, तर तो तळाशी पडून वर्षानुवर्षं खेकडे मारत राहील. सूत मात्र खाऱ्या पाण्यात कुजतं, झाकण सुटतं, पिंजरा उघडा पडतो. हरवलेल्या वस्तूनेही पाप करू नये एवढा विचार त्या दोऱ्यात आहे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने तो दोरा मला हातात दिला. आपल्या गोधडीला घालतो त्याहून थोडा जाड.

पिंजरे किती, यालाही मर्यादा आहे. २०१३ पासून कॅलिफोर्नियात परवान्यांच्या सात पायऱ्या केल्या: सगळ्यांत मोठ्या परवान्याला ५०० पिंजरे, सगळ्यांत लहानाला १७५. आणि टाकलेला पिंजरा, हवा साथ देत असेल तर, ९६ तासांत एकदा उपसून बघितलाच पाहिजे.

हंगामाच्या तारखेमागेही आईच्या अंगठ्यासारखीच परीक्षा आहे. उन्हाळ्यापासून नर कात टाकतात. नवं कवच मोठं असतं आणि आतलं मांस ते भरून काढायला वेळ घेतं. उत्तर कॅलिफोर्नियात हंगामाआधी नमुन्याचे खेकडे उकडून, मांस काढून वजन करतात. एकूण वजनाच्या २५ टक्के मांस निघालं तरच हंगाम सुरू, नाहीतर पुढे ढकलायचा. हे आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त "मग बरोबर" म्हटलं. पोकळ कुर्ली विकणं तिच्या लेखी नेहमीच लबाडी होती.

इथवरचं सगळं जुनं. तुमचा दुसरा प्रश्न नव्या गोष्टींचा आहे, आणि त्याची सुरुवात २०१५ मध्ये झाली. त्या सुमाराला या किनाऱ्यालगत समुद्र विलक्षण तापला होता. त्या पाण्यात एका सूक्ष्म शेवाळाचा भर आला, आणि हे शेवाळ डोमोइक आम्ल नावाचं विष तयार करतं. ते खेकड्यात साठतं, मुख्यतः आतड्यांत आणि पाठीखालच्या पिवळसर लगद्यात. लगद्यात दहा लाख भागांमागे ३० भाग आणि मांसात २० ही सीमा ओलांडली की विक्री बंद. त्या वर्षी मध्य कॅलिफोर्नियाचा हंगाम नोव्हेंबरऐवजी मार्चच्या अखेरीस उघडला. हे आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावं, कारण आपण खेकडा अख्खा रश्शात सोडतो आणि तो पिवळा लगदा चवीला म्हणून मुद्दाम ठेवतो. विषाची सूचना लागू असेल तेव्हा आतलं सगळं काढून, धुऊन मगच शिजवा आणि उकडलेलं पाणी फेकून द्या. सूचना राज्याच्या आरोग्य खात्याकडून येते, घेण्याआधी तपासा.

त्याच तापलेल्या समुद्राने दुसरा घोटाळा केला. थंड पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत आक्रसला, खोल पाण्यातलं क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) कमी झालं, तेव्हा हंपबॅक देवमासे लहान मासोळीच्या मागे किनाऱ्याजवळ आले. इकडे उशिरा उघडलेल्या हंगामामुळे खेकड्यांच्या पिंजऱ्यांपासून बोयांपर्यंतचे उभे दोर वसंतात पाण्यात होते, म्हणजे नेमके देवमासे मेक्सिकोकडून परत येतात तेव्हा. पूर्वी पश्चिम किनाऱ्यावर दोरात देवमासा अडकल्याच्या नोंदी वर्षाला दहाच्या आसपास असत. २०१६ मध्ये ७१ आल्या. दोर शेपटीला, परांना आवळत जातो आणि तो प्राणी पिंजरा ओढत शेकडो मैल पोहतो. मी त्याची छायाचित्रं पाहिली आहेत, त्यांबद्दल अधिक लिहीत नाही.

२०१७ मध्ये सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागावर खटला भरला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि त्या वर्षी हंगाम १५ एप्रिललाच आटोपला. नोव्हेंबर २०२० पासून नवी नियमावली आली. किनाऱ्याचे विभाग पाडले आहेत, विमानातून आणि बोटीतून देवमासे मोजतात. एखाद्या विभागात २० किंवा अधिक हंपबॅक दिसले की तिथे पावलं उचलावी लागतात: हंगाम लांबवणं, पिंजरे कमी करणं, किंवा लवकर बंद करणं. म्हणूनच आमच्याकडचा हंगाम २०२० मध्ये २३ डिसेंबरला उघडला, २०२२ मध्ये ३१ डिसेंबरला, त्याच्या पुढचा थेट १८ जानेवारी २०२४ ला आणि त्यानंतरचा ५ जानेवारी २०२५ ला. यातल्या शेवटच्या तीन हंगामांत वर पिंजरे निम्मेच टाकायची अट.

देवमाशांसाठी थांबावं, यात मला शंका नाही. जो प्राणी मेक्सिकोपासून इथवर येऊन जातो त्याच्या वाटेत आपण हजारो दोर उभे करायचे नाहीत, हे सरळ आहे. पण तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे मी धक्क्यावर डोळ्यांनी बघते. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ हेच इथले भावाचे दिवस. ते गेले की गेले. ५०० पिंजरेवाल्याला २५० उरतात, त्याची होडी मोठी, जानेवारीच्या खवळलेल्या समुद्रातही तो जातो. १७५ वाल्याला ८७ उरतात आणि लहान होडी घेऊन त्याला हवा निवळायची वाट बघत बसावं लागतं. माझ्या ओळखीचा एक कोळी दोन हिवाळे सुतारकाम करून निभावला. निम्मं करायचंच तर लहानांना सूट द्यावी, निदान वेगळं प्रमाण लावावं, असं माझं ठाम मत आहे. दोर तळाशी पिंजऱ्याजवळच ठेवून होडीवरून इशारा दिला की वर येणारे पिंजरेही निघालेत, वसंतात त्यांचे प्रयोगही झाले आहेत. पण ते महाग, आणि पुन्हा लहान होडीलाच जड.

कुणी म्हणतं, मग हे नियम हवेतच कशाला? त्यांना मी अलास्काकडे बोट दाखवते, पण वेगळ्या कारणाने. तिथे बेरिंग समुद्रातल्या स्नो खेकड्यांचा हंगाम ऑक्टोबर २०२२ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच रद्द करावा लागला. तिथे दरवर्षी मोजणी होते, पकडीचा आकडा ठरतो, वाटे पडतात. तरीही २०१८ नंतर १००० कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले, कारण पाणी तापलं आणि ते उपाशी मेले. समुद्राचा ताप कुठल्याच मत्स्यकायद्याने उतरत नाही. म्हणून तर जे आपल्या हातात आहे, मादी आणि माप, ते सोडू नये.

आणि आपल्याकडचं? १ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांना बंदी असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन दर्या मोकळा करायची रीत तर कायद्याच्याही आधीची. २०२३ मध्ये महाराष्ट्राने मासळीची किमान मापंही ठरवली. पण खाडीतल्या कुर्लीबद्दल एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली, आणि ती मी आईला सांगितली. जुगलेली मादी अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे जाते. म्हणजे आपण ज्या भरलेल्या मादीवर सगळ्यांत जास्त पैसे मोजतो, ती प्रसूतीच्या वाटेवर असते. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लाख खाऊक बरी लागता, पण." हे "पण" मला समजतं, मीही तेच खाऊन वाढले. तरी निदान झडपेखाली अंडी बाहेर आलेली मादी पकडणाऱ्याने पाण्यात सोडावी आणि आपण विकत घेऊ नये, एवढं मी आता प्रत्येक घरी सांगते.

पिलर पॉइंटला गेलात तर नांग्या जड वाटणारा, दाबल्यावर कवच न दबणारा नर घ्या. सोबत बर्फाची पेटी आणि ओलं गोणपाट न्या. जिवंत खेकडा नळाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मरतो. होडीवर रोख पैसे लागतात, ते आधीच काढून ठेवा. तारीख मात्र आत्ता सांगता येणार नाही. विमान वरून फिरून येतं, देवमासे किती दिसले ते कळतं, मग ठरते. कळली की त्याच दिवशी तुम्हाला फोन करीन.