शर्यत नाही हो, आपलं सहज

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर मी सेफ्टी बोट चालवतो. रबरी बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, पायाशी दोराचं वेटोळं, फेकायची रिंग, गळ्यात शिट्टी. पाण्यावर जे कोणी आहेत त्यांच्यावर नजर ठेवायची आणि कोणी उलटलं तर वेळेत पोचायचं, एवढंच काम. बहुतेक दिवस काहीच घडत नाही, आणि ते घडू नये याचाच मला पगार मिळतो. काठावरच्या पाहुण्यांना मात्र वाटतं की हा बाबा दिवसभर उन्हात नुसता बसून असतो. त्यांतले निम्मे शिडाच्या होड्यांकडे बोट दाखवून विचारतात, "हे दत्तू भोकनळ करायचे तेच ना?" नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेले ते रोइंगमध्ये. तिथे वल्ही मारायची आणि पाठ करून पुढे जायचं. इथे वल्हंच नाही. इथे वारा आहे, आणि वारा नसेल तर बसून राहणं आहे.

आमच्याकडे ज्यांच्या स्वतःच्या होड्या आहेत असे थोडेच. त्यांतल्या दोघांची ही गोष्ट. नावं सांगत नाही, दोघांनाही आवडणार नाही. एकाला आम्ही सगळे आप्पा म्हणतो. गिरणारे बाजूचे द्राक्षबागाईतदार. दुसरे साहेब, ओझरला एचएएलमध्ये विमानांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले. दोघांकडे एकाच जातीची होडी, लेझर. आता तिला आयएलसीए म्हणायचं, पण काठावर अजून लेझरच चालतं. सव्वाचार मीटर लांब, एक डोलकाठी, एक शीड, एक माणूस. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये विष्णू सरवणननं याच होडीत ब्राँझ मिळवलं, हे साहेब नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

साहेबांना शीड समजलं ते विमानाच्या पंखावरून. पंख आडवा असतो, हे उभं, एवढाच फरक, असं त्यांचं म्हणणं. शिडावर लोकरीचे छोटे दोरे चिकटवलेले असतात, ते दोन्ही बाजूंनी सरळ मागे वाहिले की वारा नीट लागला. साहेब त्या दोऱ्यांवरून नजर काढत नाहीत. आप्पांच्या शिडावरचा एक दोरा कधीचा गळून पडलाय आणि त्यांनी तो लावलेला नाही. त्यांना वारा कळतो तो फवारणीमुळे. बागेत ब्लोअर चालवणाऱ्याला वारा कधी पडतो, कधी वळतो, कुठल्या बांधाशी घुटमळतो हे कळावंच लागतं, नाहीतर औषध शेजाऱ्याच्या बागेवर आणि बिल आपल्यावर. आप्पा पहिल्यांदा आले तेच मुळी एक प्रश्न घेऊन. काठावर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "इंजिन नाही, वल्हं नाही, आणि ही वाऱ्याच्या उलट कशी काय जाते?" सरळ उलट जात नाही, नागमोडी जाते, एकदा या अंगानं तिरपी, एकदा त्या अंगानं, हे मी सांगितलं. पटलं नाही. मग साहेबांनी त्यांना पुढ्यात बसवून नेऊन दाखवलं. पुढच्याच हंगामात आप्पांनी जुनी होडी विकत आणली, आणि साहेबांनी आपल्या हातानं आपला वैरी तयार केला.

वैरी म्हणजे, दोघंही ते कबूल करत नाहीत. आप्पा पाण्यात उतरले की साहेब, जे आत्तापर्यंत आरामात फेऱ्या मारत असतात, ते हळूच शिडाची दोरी इंचभर ओढतात. आप्पा वरवर डोंगराकडे बघत असतात आणि बूड होडीच्या काठावर सरकलेलं असतं. मग दोघं एकाच दिशेला, एकाच वेगानं, एकमेकांकडे न बघता. मी जवळून गेलो आणि विचारलं, "शर्यत लागली का?" की ठरलेलं उत्तर: "शर्यत नाही हो, आपलं सहज." हे सहज इतकं कडक असतं की समोरासमोर आले की दोघांचा आवाज काठापर्यंत येतो: "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" नियम असा की ज्याच्या उजव्या अंगानं वारा येतोय त्याचा हक्क, दुसऱ्यानं वाट द्यायची. एकदा आप्पांनी वाट द्यायला इतका उशीर केला की साहेबांच्या होडीचं नाक त्यांच्या सुकाणूवरून वीतभर अंतरानं गेलं. नंतर चहाला दोघं शेजारी बसून पाण्याच्या पातळीवर बोलत होते.

तर यंदा मे महिन्यात आमच्या व्यवस्थापकांच्या डोक्यात आलं की हंगाम संपायच्या आत यांची एक खरीखुरी शर्यत लावू. करंडक आणला. वळायच्या खुणेचे तरंगते नारिंगी बोये टाकले. वेळ ठरवली सकाळची, कारण फोटोला उजेड चांगला मिळतो. मे महिन्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा आणि तो धरतो दुपारनंतर, हे पाण्यावरच्या कुणालाही विचारलं असतं तरी समजलं असतं. मला विचारलं नाही, मी सांगितलं तरी बॅनर छापून झाला होता.

सुरुवात मात्र अगदी पुस्तकाप्रमाणे केली. पाच मिनिटं आधी पहिला भोंगा, मग चार मिनिटं राहिल्यावर, मग एक मिनिट राहिल्यावर, मग सुटायचा. साहेब घड्याळाकडे बघून बघून इतके आखडले की भोंगा वाजला तेव्हा त्यांचं तोंड भलतीकडेच. आप्पांनी घरची सगळी मंडळी आणली होती; नातवंडं काठावरून "आजोबा, आजोबा" ओरडत होती आणि आजोबांना दरदरून घाम. आणि मग जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या बोयाच्या अलीकडे दोघं समोरासमोर आले. हक्क साहेबांचा. आप्पांनी चांगली पन्नास फूट आधीच वाट दिली. साहेबांना वाटलं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीही वळवली. "जा ना आप्पा." "नाही नाही, साहेब, तुमचा हक्क आहे." दोन्ही शिडं लटकली, दोन्ही होड्या जागच्या जागी उभ्या. एरवी वीतभर अंतर न सोडणारी माणसं! थोड्या वेळानं उरलासुरला वारा पण पडला. पाणी काचेसारखं झालं, आणि व्यवस्थापकांनी शर्यत रद्द केली. मंडळी मिसळ खायला गेली.

खरं काम सुरू झालं ते चारनंतर. पश्चिमेचा वारा आला होता, पाण्यावर काळपट पट्टे सरकत होते. बाकीचे सगळे पांगलेले. बघतो तर साहेब होडी पाण्यात ढकलतायत. "जरा एक फेरी मारून येतो." त्यांची होडी अजून लांब गेली नव्हती तोच आप्पा आले, "शीड वाळवायचंय," म्हणाले. वाळलेलंच होतं. मी इंजिन चालू केलं आणि मागे निघालो.

वाऱ्याच्या उलट, त्र्यंबककडच्या बाजूला, दोघं चांगले वर गेले. साहेब पुढे. त्यांचं शीड नवं, कडक. आप्पांचं जुनं, ताणून पिशवी झालेलं. असलं शीड वाऱ्याच्या उलट जाताना मार खातं. वारा पाठीवर आला की मात्र फार फरक पडत नाही, आणि आप्पा त्याचीच वाट बघत असणार.

त्या दिवशी पहिल्यांदा मला जाणवली ती हवा. एकदम गार. ब्रह्मगिरीकडचं आभाळ निळं-काळं झालेलं, आणि वरच्या काठावर धुळीची भिंत उठलेली. वळीव. अशा वेळी पाऊस नंतर येतो, आधी त्याच्या पुढचा वारा येतो, आणि शिडाच्या होडीला धोका त्याचाच. वर विजा. लेझरची डोलकाठी ॲल्युमिनियमची, आणि सपाट पाण्यावर तीच सगळ्यांत उंच. मी तीन लांब शिट्ट्या दिल्या, हात काठाकडे केला. दोघांनी ऐकलं, दोघांनी होड्या फिरवल्या, आणि आता वारा पाठीवर होता.

मी शिट्टी दिली होती ती जीव वाचवायला. त्या दोघांनी ती सुटायचा भोंगा समजून घेतली असावी.

वारा भिडला तशा दोन्ही होड्या पाण्यावर उचलल्या गेल्या, मागे पांढरा फेस. साहेब अजूनही चार होड्यांच्या लांबीनं पुढे. आणि तेवढ्यात आप्पा रेषा सोडून डावीकडे निघाले.

तिथे काय आहे ते आधी सांगायला हवं. धरण पुरं झालं १९६५ ला, मातीचं. पूर्ण भरलं की ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी, आणि बरंचसं नाशिक त्यावर नळ सोडतं, त्यामुळे मे महिन्यात पातळी खाली गेलेली असते. खालची जुनी शेतं, दगडी ताली म्हणजे शेताचे बांध, एखाद्या विहिरीचं तोंड वर येऊ लागतं. डावीकडे अशीच एक लांब ताल आहे, तिच्यावर त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं. लेझरच्या पोटातून खाली गेलेली फळी, डॅगरबोर्ड, पाऊण मीटरच्या वर पाणी मागते. म्हणून सगळे तालीला वळसा घालून येतात. पण वारा पाठीवर असला की फळीची फारशी गरज नसते. ती वर ओढता येते. सुकाणूचं पातंही दोरी सोडली की वर येतं. मग होडीला वीतभर पाणी पुरतं. आणि ती ताल आप्पांच्या आजोळच्या शेताची. कुठे फुटलीय, कुठे दगड ढासळलेत, हे त्यांनी पोरवयात दरवर्षी उन्हाळ्यात चालून बघितलेलं.

लांबून मला एवढंच दिसलं की आप्पांच्या हातात फळी आहे, बगलेत धरल्यासारखी, आणि होडी तालीवर घुसते आहे.

सेफ्टी बोट एक, होड्या दोन, आणि आता दोघांमध्ये ताल. माझ्या इंजिनाचा पंखा तालीवरून जाणार नाही. कुणाच्या मागे जायचं हे त्या क्षणी ठरवावं लागतं, आणि ते मनाला विचारून नाही, पाण्याला विचारून. आप्पा पडले तर गुडघाभर पाण्यात पडतील, उभे राहतील. साहेब पडले तर खाली खोल. मी साहेबांच्या मागे गेलो.

बरं झालं. साहेबांनी मान वळवून डावीकडे पाहिलं, आप्पा कुठे निघालेत ते. तेवढ्यात होडी डुलायला लागली, या कडेला, त्या कडेला, प्रत्येक वेळी जास्त, आणि वाऱ्याच्याच अंगाला त्यांच्यावर कोसळली. पाठीवरच्या जोरदार वाऱ्यात लेझर अशीच पडते. आम्ही आधी डोकं मोजतो. डोकं वर आलं, लाइफ जॅकेट वर, हात हलला. मी इंजिन न्यूट्रलला घेऊन अंतर ठेवून थांबलो. पंखा फिरत ठेवून माणसाजवळ कधीच जायचं नाही. "येऊ का?" साहेबांनी नकाराचा हात केला. पोहत फळीशी आले, तिच्यावर चढले, होडीचा काठ धरून मागे झुकले. शीड पाणी सोडेना. परत झुकले.

मी डावीकडे पाहिलं. आप्पा ताल ओलांडून पलीकडे खोल पाण्यात आले होते. पुढे मोकळं पाणी, मागे कोणी नाही. आणि त्यांनी होडीचं तोंड वाऱ्यात घातलं होतं. शीड फडफडत होतं, त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. आप्पा खाली वाकून दोरीशी काहीतरी करत होते. फळी मात्र खाली घातलेली, आणि तोंड साहेबांच्या दिशेला. साहेबांची होडी उभी राहिली, ते पोटावर आत घसरले, दोरी हाताला लागली. आणि बरोबर त्याच वेळी आप्पांची दोरी सुटली.

शेवटचा टप्पा पावसात गेला. मला समोरचं धड दिसत नव्हतं. दोन्ही होड्या काठाला लागल्या तेव्हा पुढे कोण होतं, हे खरंच सांगता येणार नाही.

शेडमध्ये आल्यावर साहेब थंडीनं कुडकुडत म्हणाले, "मध्येच काय झालं हो तुम्हाला? थांबलेले दिसलात."

"दोरी गुंतली."

साहेबांनी आप्पांची शिडाची दोरी उचलली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली, ओझरला पुर्जा तपासावा तशी. कुठे गाठ नाही, कुठे पीळ नाही. त्यांनी ती गुंडाळून खुंटीला लावली. "जुनी झालीय. बदला," एवढंच म्हणाले.

व्यवस्थापकांना करंडकावर नाव घालायचं होतं. त्यांनी दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, शर्यत तर सकाळीच रद्द झाली. मला विचारलं, मी म्हणालो, मी ड्यूटीवर होतो. आता त्या करंडकात शेडच्या किल्ल्या असतात.

परवा साहेबांचा फोन आला. पातळी किती, ताल झाकली गेली का, विचारत होते. म्हटलं, अजून नाही, पाऊस लागू द्या. "झाकली की सांग. आणि आप्पांना बोलू नकोस." तासाभरानं आप्पांचा फोन. साहेब परत कधी येणार आहेत? म्हटलं, दसऱ्याच्या आसपास म्हणाले. आप्पा भडकलेच. "दसऱ्याला माझी छाटणी असते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे! त्यांना सांग, दिवाळीनंतर. आणि असं सांग की तूच सुचवलंस."

साहेबांनी दिवाळीनंतरचा रविवार मान्य केला आहे. त्या दिवशी त्यांना सहज एक फेरी मारायची आहे.