दहावरून अकरावर जावं की नाही

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे कधीपासून कानावर होतं. पण गिरगावात आमचं पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांचं छोटं दुकान आहे आणि ही तारीख आली ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्यामागोमाग तुळशीचं लग्न, म्हणजे लग्नसराईच. अशा वेळी चालत्या मशीनला हात लावायला कोण धजावतं?

दुकानात मशीन दोन. काउंटरवरचं इंटेलच्या आठव्या पिढीतल्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं. त्यावर मेल, व्हॉट्सअ‍ॅप, जीएसटी, बँक. आतलं चौथ्या पिढीचं, त्यावर डीटीपी, म्हणजे पत्रिकांची अक्षरजुळणी आणि मांडणी. आधी काउंटरवरचं तपासायला घेतलं. मशीन अकराला चालेल का हे तपासणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं तर म्हणे, हे मशीन विंडोज ११ ला चालणार नाही, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात विचारलं, तर काउंटरवरच्या माणसाने मशीन न बघताच सांगितलं, ‘‘साहेब, नवीनच घ्या.’’

भाचा म्हणाला, ‘‘मामा, आधी बायॉसमध्ये जाऊन बघू.’’ बायॉस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं मशीनचं स्वतःचं सेटिंग. मशीन सुरू होताना डिलीट दाबत राहिला, सिक्युरिटीच्या पानावर गेला. तिथे इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी, म्हणजे पीटीटी, हे इंटेलचं टीपीएमच, अशी एक ओळ होती आणि समोर ‘डिसेबल्ड’. ते ‘एनेबल्ड’ केलं, सेव्ह केलं. मग विंडोजच्या रन खिडकीत टीपीएम डॉट एमएससी टाकल्यावर खाली आवृत्ती २.० दिसली. इंटेलच्या त्या पिढीत टीपीएम बहुतेक वेळा प्रोसेसरसोबतच येतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. नव्या मशीनचे पैसे वाचले ते या एका ओळीत.

अकरा टाकण्याआधी सगळ्या डिस्कची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. अपग्रेड केल्यावर नाही पटलं, तर १० दिवसांच्या आत परत दहावर जाता येतं. पण त्या सोयीवर मी दुकान टाकणार नाही. अपग्रेड बिनबोभाट झालं. टास्कबारची चिन्हं मधोमध आली होती, ती सेटिंगमधून डावीकडे नेली. राइट क्लिकचा नवा मेन्यू अजून डोक्यात जातो.

खरा प्रश्न आतल्या मशीनचा होता. तिथला प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या एकाने तपासणी चुकवून अकरा टाकून देण्याची तयारी दाखवली. तसं करता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच अधांतरी. शिवाय त्या मशीनमागे यूएसबीला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, लावलंय, त्याशिवाय आमचं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडत नाही. वर्षानुवर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टमध्ये. दुसऱ्या मशीनवर त्या फाइल उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तर अकरावर तुमची आवृत्ती चालेल का याचं सरळ उत्तर मिळेना. नवी आवृत्ती घ्या, एवढंच.

भाच्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, चालवून दाखवलं. झरझर चाललं, युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी अक्षरं) मराठी टायपिंगही छान, पण डोंगलचं घोडं तिथेही अडलं.

विंडोज १० साठी वर्षभराची वाढीव अपडेट्सही होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. पण ज्या मशीनवर मेल नाही, बँक नाही, त्याला मुळात नेट हवंय कशाला? मी मागची नेटची (लॅनची) वायर काढून टाकली. प्रिंटर यूएसबीवर आहे, त्याला काही फरक पडला नाही.

आता गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आतल्या मशीनला लावायचा नाही, हा नियम. आधी काउंटरवर स्कॅन करायचा, हवी ती फाइल आमच्या पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि मगच आत. दुकानातल्या पोराला सुरुवातीला कटकट वाटली. नवीन पत्रिका काउंटरवरच युनिकोडमध्ये करतो. जुनं गिऱ्हाईक ‘ताईच्या लग्नातली तशीच’ म्हणत आलं, तरच आतलं मशीन सुरू होतं.