तुम्ही विचारलंत म्हणून: बॉस्टनच्या रस्त्यावरची ती खुर्ची

दर हिवाळ्यात फोटो पाहिले की हा प्रश्न येतोच. "रस्ता सरकारचा, मग बर्फ काढलेल्या जागेत जुनी खुर्ची ठेवून तुम्ही ती अडवता कशी? एसटीत रुमाल टाकल्यासारखं?" पुण्या-ठाण्याहून विचारतात. टेक्सास, कॅलिफोर्नियातून नुकती इकडे आलेली मराठी मंडळी तर जरा जास्तच चढ्या आवाजात विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रुमालाची तुलना मला मान्य नाही. रुमाल खिडकीतून टाकला की काम झालं. खुर्चीच्या आधी फावडं असतं. "पालिका बर्फ काढत नाही का?" काढते, पण रस्त्याचा. प्लाऊ, म्हणजे पुढे पातं लावलेला बर्फ सारणारा ट्रक, रस्त्याच्या मधला बर्फ कडेला ढकलतो आणि कडेला आपल्या गाड्या उभ्या असतात. एका गाडीची जागा साधारण सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. त्यावर 60 सेंटिमीटर ताजा बर्फ पडला आणि तो हलका, घनमीटरला 100 किलोचा धरला, तरी सातशे किलो होतात. शिवाय प्लाऊने गाडीच्या कडेला उभी केलेली भिंत वेगळीच. तो बर्फ दाबलेला, वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ओला झालेला, ताज्याच्या तीन-चार पट जड. ती भिंत त्याच संध्याकाळी फोडली नाही तर रात्रीत गोठते आणि सकाळी फावडं त्यावरून नुसतं घसरतं.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी गाडीच्या टपावरचा बर्फ उतरवायचा, मग जमिनीवरचा. उलटं केलंत तर साफ केलेली जागा पुन्हा भरते. टपासाठी फोमचा ब्रश घ्या, लोखंडी फावड्याने रंग खरवडतो. "काच आणि पुढचं तेवढं पुसलं की पुरे" हेही ऐकवू नका. टपावर राहिलेला थर महामार्गावर फळीसारखा उडून मागच्याच्या काचेवर आदळतो. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये त्यासाठी वेगळा कायदा आहे. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. वायपर काचेला चिकटलेले असताना सुरू करू नका, मोटर जळते.

चाक फिरतं आणि गाडी हलत नाही, तेव्हा जास्त रेस देऊ नका. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो लगेच गोठतो आणि खाली आरसा तयार होतो. स्टिअरिंग सरळ, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, पुढे-मागे हलके झोके. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर त्याच चाकांसमोर वाळू किंवा मांजरासाठीची साधी, गोळा न होणारी माती टाका. चाकाखाली गाडीतलं पायपुसणं टाकणार असाल तर मागे कोणाला उभं करू नका, ते गोळीसारखं बाहेर येतं. मीठ साधारण उणे 9 अंशांपर्यंतच नीट काम करतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी, इंजिनला हात लावण्याच्याही आधी, मागे जाऊन एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणारी, नळी मोकळी करायची. इथे मी लांबण लावणार आहे. "गाडी चालू करून मुलांना आत बसवलं, तेवढीच ऊब" हे वाक्य मी आपल्याच लोकांच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकते.

फेब्रुवारी 2013 च्या वादळात बॉस्टनमध्ये जवळजवळ 25 इंच बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी एक शाळकरी मुलगा वडिलांबरोबर गाडी उकरत होता. त्याला थंडी वाजली म्हणून तो चालू गाडीत जाऊन बसला. नळी बर्फाखाली होती. वडील काही पावलांवर होते. तो मुलगा गेला. जानेवारी 2016 मध्ये न्यू जर्सीतल्या पसेइकमध्ये पुन्हा तेच. वडील बाहेर फावड्याने बर्फ काढत होते, आई आणि लहान मुलं उबेसाठी गाडीत. यात कोणीही बेफिकीर नव्हतं, उलट सगळे एकमेकांची काळजीच घेत होते.

असं का होतं तेही समजून घ्या. नळीचं तोंड बंद असलं तरी इंजिन लगेच बंद पडेलच असं नाही. बर्फ सच्छिद्र असतो, धूर त्यातून झिरपत राहतो, गाडीखाली साचतो आणि तळाच्या फटींतून, हवेच्या झडपांतून आत येतो. त्यात इंजिन थंड. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ तसाच बाहेर पडतो, म्हणजे पहिली काही मिनिटंच सर्वांत वाईट. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, झोप येते, थंडीत दमलेल्या मुलाला तर झोप आल्याचं कोणाला आश्चर्यही वाटत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली की भागतं, हे चूक आहे. बर्फ काढून होईपर्यंत गाडीत कोणी बसायचं नाही. नळी मोकळी केली तरी पलीकडून शेजाऱ्याने टाकलेला फावडाभर बर्फ ती पुन्हा बुजवू शकतो, म्हणून त्यालाही ओरडून सांगायचं.

आता काढलेला बर्फ टाकायचा कुठे, यावर तुम्ही कधीच विचारत नाही, आणि खरं भांडण तिथेच आहे. रस्त्यावर परत टाकायचा नाही, त्याला दंड आहे. हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ, बुजवायचा नाही. फूटपाथवर 42 इंचांची वाट बर्फ थांबल्यापासून तीन तासांत मोकळी करायची, रात्री थांबला तर सूर्योदयापासून तीन तासांत. उरते दोन गाड्यांमधली आणि झाडाभोवतीची जागा. 2015 च्या एकट्या फेब्रुवारीत बॉस्टनवर 64.8 इंच पडला, हिवाळाभरात 110.6 इंच. तेव्हा ढीग माणसाच्या डोक्यावर गेले होते. शहराने सीपोर्ट भागात नेऊन रचलेला ढीग पूर्ण वितळायला जुलैचा मध्य उजाडला. अशा वेळी रस्त्यावरच्या निम्म्या जागा नुसत्या ढिगांनी खाल्लेल्या असतात. मोकळी असते ती कोणीतरी मोकळी केलेली.

म्हणून खुर्ची. कोणाची इस्त्रीची घडीची फळी, कोणाचा रंगाचा डबा. मोठ्या वादळात शहर बर्फाची आणीबाणी जाहीर करतं; ती उठल्यापासून शहर हे 48 तास चालवून घेतं, मग कचऱ्याची गाडी ते सामान उचलते. बॉस्टनच्याच साउथ एंड या वस्तीने मात्र आमच्याकडे हे नको म्हणून सांगितलं. शिकागोतही हीच पद्धत आहे.

पूर्वी माझं मत तुमच्यासारखंच होतं, आणि त्या मताला द्यायला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. शेजारच्या आजींकडे ड्रेसिंग करायला येणारी नर्स कुठे गाडी लावणार? तिने इथला बर्फ काढला नाही, कारण ती त्याच सकाळी स्वतःच्या दारातला काढून आली आहे. दुसऱ्याची खुर्ची बाजूला सारली म्हणून टायर फाडणारे, गाडीवर पाणी ओतून ती गोठवणारे लोक या शहरात आहेत, आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण पाठीचा काटा ढिला करून जागा केली आणि कामावरून परत येताना त्यात अनोळखी गाडी दिसली, तर "रस्ता सर्वांचा" हे वाक्य तोंडातून निघत नाही, हेही खरंच.

मी स्वतः 48 तास खुर्ची ठेवते. तिसऱ्या दिवशी उचलते, बर्फ तसाच असला तरी. दिवसा नर्ससाठी किंवा औषधं घेऊन येणाऱ्यासाठी ती हलवायची, हे आमच्या ओळीत ठरलेलं आहे. त्यासाठी शेजाऱ्यांकडे एकमेकांचे फोन नंबर असावे लागतात, ते नोव्हेंबरातच घेऊन ठेवा. ज्यांच्याकडे ड्राइव्हवे आहे त्यांनी एवढं तरी करावं: दारातून रस्त्याकडे तोंड करून उभं राहावं, काढलेला बर्फ उजवीकडे टाकावा आणि डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेला गाडीभर लांबीचा मोकळा खिसा करावा. प्लाऊ डावीकडून येतो, आपला बर्फ त्या खिशात सोडतो, आणि दारातली भिंत पुष्कळ छोटी होते.