एका रकान्यासाठी सहा आठवडे

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी संगणकशास्त्रज्ञ लिओनार्ड एडलमन यांचा १९९४ चा प्रयोग घेतला, म्हणजे डीएनएच्या रेणूंकडून गणित सोडवून घ्यायचा, तेव्हा सगळ्यांनी घाबरवलं ते लॅबच्या कामावरून. ते दोन आठवड्यांत झालं. फाईल मात्र कॉलेजच्या खरेदी विभागात सहा आठवडे अडकली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

प्रश्न असा: सात गावं, त्यांच्यामधले एकेरी रस्ते. पहिल्या गावातून निघून प्रत्येक गावी एकदाच जात शेवटच्या गावी पोचता येतं का? एडलमननी चौदा रस्ते घेतले होते, मीही तेवढेच घेतले; फक्त गावं आपली, गोव्यातली. पेडण्याहून निघायचं, काणकोणला पोचायचं, मध्ये म्हापसा, डिचोली, पणजी, फोंडा, मडगाव. प्रत्येक गावाला २० अक्षरांचा डीएनएचा क्रम. रस्ता म्हणजे निघालेल्या गावाची शेवटची १० अक्षरं आणि पुढच्या गावाची पहिली १०; फक्त पेडणे आणि काणकोण यांची पूर्ण २०. गावाचा पूरक तुकडा, म्हणजे त्याच्या अक्षरांशी जोडी जमवून चिकटणारा, दोन रस्त्यांची टोकं शेजारी धरून ठेवतो; लायगेज हे डीएनए जोडणारं एन्झाइम ती सांधतं. एका थेंबात असंख्य रेणू सगळे मार्ग एकदम जुळवून बघतात. मला याचंच वेड लागलं होतं.

एकूण २६ तुकडे मागवायचे होते. खरेदीच्या अर्जात रकाना होता: 'डीएनएचा स्रोत: प्राणी / वनस्पती / सूक्ष्मजीव'. मी तिन्ही खोडून 'कृत्रिम' लिहिलं. अर्ज परत. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "पण मूळ कोणाचा?" म्हटलं, "कोणाचाच नाही बाई, यंत्रात एकेक अक्षर जोडून बनवतात." त्यांनी तीनपैकी एकावर खूण करायला सांगितली. खोटं लिहायला मी तयार नव्हते. मग जैवसुरक्षा समितीचं पत्र आणा. समितीची बैठक चवथीनंतर. बैठकीत दोन मिनिटांत 'आमची हरकत नाही'. पत्र घेऊन गेले तर कोटेशनची मुदत संपलेली! तीन कोटेशनं पुन्हा मागवली. रोज दुपारी तीनला मी त्या खिडकीशी उभी, आणि माझी फाईल त्याच लाल दोऱ्यात, त्याच ढिगात, वरून चौथी.

तुम्ही मागवणार असाल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'रासायनिक पद्धतीने तयार केलेले, कोणत्याही सजीवातून न काढलेले' असं लिहा आणि गाइडची सही त्याच ओळीखाली घ्या. हे मला पाचव्या आठवड्यात सुचलं.

पुढचं भराभर झालं. जेलवर, म्हणजे जिथे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात तिथे, १४० अक्षरांच्या जागी पट्टी दिसली, सात गुणिले वीस, तेव्हा मी ओरडलेच. पण तेवढ्यावर थांबू नका. लांबी बरोबर असूनही एखादं गाव दोनदा आलेलं असू शकतं. गावाच्या पूरक तुकड्याला बायोटिन (मण्यांना घट्ट चिकटणारा रेणू) लावून, चुंबकी मण्यांवर, एकेक गाव तपासावंच लागतं.

हो, ऑर्डर देताना रस्त्यांच्या तुकड्यांना ५' टोकाला (क्रमाच्या सुरुवातीच्या टोकाला) फॉस्फेट मागा, नाहीतर लायगेज काहीच सांधणार नाही. आणि नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. कोरडा डीएनए झाकणाला चिकटलेला असतो, उघडताच उडून जातो.

अर्जाच्या त्या रकान्यात चौथा पर्याय अजून नाही. ज्युनियरला माझ्या मंजूर अर्जाची झेरॉक्स दिली आहे.