दार लागत नव्हतं म्हणून

गाडी ट्रेलरवरून आली आणि तिच्यामागून एका व्हॅनमधून एकवीस खोकी. १९६५ची एमजीबी, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आधीच्या मालकाने बारा वर्षांपूर्वी ती दुरुस्तीसाठी सुटी करायला घेतली होती. पहिल्या आठ खोक्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: डायनॅमो, पुढचं कार्बोरेटर, वायपर. पुढच्या तेरांवर काहीच नाही. माणूस कधी थकला ते खोक्यांवरूनच कळत होतं.

पहिला महिना मी एकही पाना फिरवला नाही. एकेक वस्तू पुसायची, फोटो काढायचा, चिठ्ठी लावायची, एवढंच. इथे इंग्लंडमध्ये या गाडीचे सुटे भाग मिळण्याची चिंता नसते. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे दाराच्या रबरापासून पिस्टनपर्यंत जवळपास सगळं आजही नवं मिळतं. अर्धवट गाडी घेणाऱ्याला खरी अडचण येते ती आधीच्या माणसाने काय केलं आणि कुठवर केलं हे शोधताना.

मला ते डाव्या दाराने सांगितलं. दार वरच्या कोपऱ्यात मागच्या पत्र्याला घासत होतं आणि खाली करंगळी जाईल एवढी फट होती. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही आणि डोक्यावर छप्पर नाही. सगळा भार दाराखालच्या सिलवर. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये तिसरा आणि खाली एक मजबूत पट्टी. ही पेटी गंजली की गाडी मधोमध वाकते. आधीच्या मालकाने गंजलेली सिल आधार न देता कापली असणार, गाडी खचली असणार, आणि त्याच अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली. मग दार लागेना आणि काम तिथेच थांबलं. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं. वेल्डिंग त्याचं सुबक होतं.

मूळ साच्यांवर दाबून काढलेली आख्खी नवी बॉडी १९८८पासून मिळते. बॉडीची चाळण झालेली असेल तर तोच शहाणपणाचा मार्ग. माझ्या गाडीचा बाकी पत्रा ठणठणीत होता, आणि १९६५चा पत्रा माझ्या हातून भंगारात जावा हे मला सोसवलं नसतं.

म्हणून दाराच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, स्क्रूने लांबी वाढवता येणारी लोखंडी नळी बसवली. पुढचा मडगार्ड बोल्ट काढून उतरवला. मागच्याचा खालचा पट्टा मात्र कापावा लागला, कारण सिल दोन्हींच्या आत शिरते. हे टाळून नुसता दिसणारा भाग बदलणारे पुष्कळ, पण गंज नेमका त्या झाकलेल्या टोकांत बसलेला असतो. मग आधीच्या मालकाचं वेल्डिंग कापलं आणि नळीचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो. प्रत्येक वेळी दार लावून फट मोजायची. अकराव्या खेपेला वरखाली सारखी चार मिलिमीटर भरली. दार दोन बोटांनी ढकललं आणि ते 'खट्' करून बसलं. मी ते दहा वेळा तरी उघडून लावलं.

नवे पत्रे जोडताना एका जागी दोन सेंटिमीटरहून जास्त वेल्ड करत नाही. थोडं पुढे, थोडं मागे, मग थंड होऊ द्यायचं. उष्णतेने पत्रा ओढला गेला तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी गंज धरू नये म्हणून आतल्या पोकळीत मेण फवारायचं.

मधल्या काळात गेडनच्या मोटार संग्रहालयाकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला दाखला आला. मूळ रंग 'टार्टन रेड'. गाडी तर हिरवी! डॅशबोर्डच्या मागे नखाने खरवडलं तेव्हा लाल रंग जसाच्या तसा निघाला. तोच देणार आहे.

चाळीस वर्षं झालेल्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणी सक्तीची नाही. मी तरीही करून घेणार. माझ्या वेल्डिंगवर दुसऱ्या कुणीतरी टॉर्च मारून बघायलाच हवं.

उजव्या चौकटीत कालच नळी बसवली. फट मोजून ठेवली आहे, शनिवारी कापायला घेतो.